बांगडीचं माप

आत्याच्या हाताची वाढ पहिल्यांदा ओळखली ती कासारणीनं. सव्वादोनचा चुडा भरणाऱ्या हातावर अडीचची बांगडीही चढेना, तेव्हा ती म्हणाली, "आक्का, हाडच रुंद झालंय तुमचं." आम्ही घरची माणसं मात्र वयाला बोल लावत होतो. जोडवी कापून काढावी लागली, चपलेचा नंबर वाढला, आवाज घोगरा झाला, दातांत फटी पडल्या. पण रोज समोर असणारा चेहरा बदलतोय, हे रोज पाहणाऱ्याला कसं कळावं? या आजाराला, अ‍ॅक्रोमेगलीला, पिएर मारी या फ्रेंच डॉक्टरनं १८८६ साली नाव दिलं. तरी आजही निदानाला अनेकदा पाच-दहा वर्षं लागतात.

आमच्या जालन्यात वाढीचं कौतुक फार. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको ही बियाण्यांची कंपनी सुरू केली, आणि हे गाव बियाण्यांचं म्हणून देशभर ओळखलं जाऊ लागलं. पण सगळी वाढ सारखी नसते, हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. कपाशी माजली की पाला गच्च आणि बोंडं मोजकी. म्हणून तर शेंडा खुडतात. बेतानं वाढलेलं झाड बोंडांनी लगडतं.

आत्याच्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ सापडली, तिचा रिपोर्ट वाचताना मला ही कपाशी आठवली. मेंदूखालची ही ग्रंथी जेमतेम अर्ध्या ग्रॅमची. तिच्यातल्या काही पेशी वाढीचं संप्रेरक बनवतात. त्यांची गाठ झाली की ते अति होतं, त्यानं यकृत आयजीएफ-१ हे संप्रेरक जास्त सोडतं, आणि हाडं, कातडी, जीभ, अगदी हृदयाचा स्नायूही वाढीला लागतो. मोठेपणी लांब हाडांची टोकं जुळून गेलेली असतात, म्हणून उंची तेवढी वाढत नाही.

मला वाटायचं, जितकी गाठ मोठी तितकं संप्रेरक जास्त. तसा हिशेब नाही. पेशींनी विभागणं वेगळं, संप्रेरक बनवणं वेगळं. काही गाठींतल्या पेशी संप्रेरकाच्या कणांनी ठासून भरलेल्या असतात. त्या सहसा सावकाश वाढतात आणि उतारवयाकडे झुकलेल्यांत जास्त दिसतात. काहींत कण विरळ असतात. त्या बहुधा तरुणांत, आकारानं मोठ्या, आजूबाजूला घुसणाऱ्या. सुमारे ४० टक्के गाठींत जीएनएएस या जनुकात बिघाड असतो, आणि 'बनव, वाढ' हा पेशीतला निरोप थांबतच नाही. एवढा अखंड निरोप मिळूनही त्यांतल्या बऱ्याच गाठी लहानच राहतात! आत्याची गाठ ठासून भरलेल्यांपैकी. विभागणाऱ्या पेशी मोजणारा केआय-६७ चा आकडाही अगदी कमी. स्वतः जागची न हलता तिनं सगळं अंग हलवलं होतं.

मुंबईला नाकावाटे दुर्बिणीनं शस्त्रक्रिया झाली. थोडी गाठ मागे उरली, तिच्यासाठी दर अठ्ठावीस दिवसांनी ऑक्ट्रिओटाइडचं इंजेक्शन. या जातीच्या पेशींवर ते पकडणारे ग्राही भरपूर असतात, त्यामुळे गुण चांगला आला. हातापायांची सूज उतरली, घामाच्या धारा थांबल्या, घोरणं कमी झालं. रुंदावलेलं हाड मात्र मागे फिरत नाही. दातांचं आणि जबड्याचं पुढं बघू, असं डॉक्टरांनी सुचवलं, तर आत्या म्हणाली, "जबडा राहू द्या, भांडाया कामाला येतो."