माय खरं तेच सांगते

जळगाव

ती. दादा,


मायचा पडदा तपासून आणला. फोनवर तू "मग परत ऑपरेशन करून टाकू" म्हणालास, म्हणून सविस्तर लिहिते. वहिनीलाही वाचायला दे.

मोतीबिंदूचं ऑपरेशन चांगलंच झालं आहे, भिंग जागेवर आहे. बिघाड त्याच्या मागे, पडद्यावर आहे. पडद्याच्या मधोमध जेमतेम 5 मिलिमीटरचा पीतबिंदू असतो. डॉक्टर त्याला मॅक्युला म्हणतात. वाचणं, तांदूळ निवडणं, माणसाचं तोंड ओळखणं, ही बारीक कामं त्याची. मायचा तोच भाग वयामुळे झिजला आहे. कडेचा पडदा शाबूत आहे.

म्हणून कोपऱ्यातून सरकणारं मांजर तिला दिसतं आणि समोर उभा असलेला तू दिसत नाहीस. "मांजर बरं दिसतं!" हे तुमच्या घरातलं बोलणं तिच्या कानावर गेलं आहे. "माले तोंड दिसत नही" म्हणते, ते अक्षरशः खरं आहे. ती जिथे रोखून पाहते, नेमकं तेच पुसलं जातं. तुझ्या कानाकडे पाहत ती बोलली तर लक्ष नाही असं समजू नकोस. तशी नजर वळवली की थोडं दिसतं.

ओसरीवर रंगीत कपड्यांतली मुलं बसतात, हेही तिने डॉक्टरांना सांगितलं. ते दचकले नाहीत. डोळ्याकडून चित्र येईनासं झालं की मेंदू आपल्याजवळची चित्रं तिथे मांडतो. चार्ल्स बोने या स्विस विद्वानाने 1760 मध्ये आपल्या नजर अधू झालेल्या आजोबांचे असेच भास लिहून ठेवले. अशा भासांना त्याचंच नाव आहे. मुलं खरी नाहीत हे मायला ठाऊक आहे, तिचं डोकं ठिकाणावर आहे. तेव्हा भगत नको, उतारा नको.

आता उपचार. उजव्या डोळ्यात कोरडा प्रकार आहे: पडद्याखाली पिवळसर ठिपके साचतात आणि नजर हळूहळू जाते. बहुतेकांना हाच असतो. डाव्यात ओला आहे. तिथे नको त्या नाजूक रक्तवाहिन्या फुटून पाझरतात आणि थोड्या दिवसांत मोठं नुकसान होतं. त्यावर डोळ्यात इंजेक्शन देतात, सुरुवातीला दर महिन्याला. त्या वाहिन्या वाढवणारं प्रथिन ते अडवतं. गेलेली सगळी नजर परत येईलच असं नाही, पण उरलेली बहुधा टिकते. बरं वाटतंय म्हणून मधला महिना गाळायचा नाही.

स्वस्त इंजेक्शनबद्दल तू विचारलंस. बेव्हॅसिझुमॅब मुळात कॅन्सरचं औषध, त्याचे छोटे डोस करून डोळ्यात वापरतात, म्हणून स्वस्त पडतं. अमेरिकेत महागड्या रॅनिबिझुमॅबशी त्याची तुलना झाली, 2011 मध्ये निकाल आला. नजर राखण्यात दोन्ही सारखी ठरली. डोस निर्जंतुक जागी भरलेला हवा, एवढं विचारून घ्यायचं. ल्युटीन, झिंक, क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या उजव्या डोळ्याची झीज लांबवण्यासाठी आहेत, नजर वाढवण्यासाठी नाहीत.

घरात एवढं करा. समोर येताच नाव सांगा. स्टीलच्या ताटात पांढरा भात तिला दिसत नाही, गडद रंगाचं ताट घ्या. दिवा तिच्या मागून, पुस्तकावर पडेल असा ठेवा. आणि रोज सकाळी चष्मा लावून, डावा डोळा झाकून, भिंतीवरच्या कॅलेंडरचे चौकोन तिला उजव्याने पाहू द्या. रेषा वाकड्या दिसल्या किंवा मधे डाग आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टर गाठा. तो डोळाही ओला होत असेल.

शेवटचं तुझ्यासाठी. हा आजार घराण्यात उतरू शकतो, आणि सिगारेटने त्याचा धोका कितीतरी वाढतो. तू पन्नाशी ओलांडलीस आणि पाकीट काही सुटलेलं नाही. मायच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नकोस. काही जुन्या गोळ्यांत बीटा-कॅरोटिन असतं, ते सिगारेट ओढणाऱ्याच्या फुप्फुसाला घातक. तुमच्या धुळ्यातच हिरे वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या नेत्रविभागात बाहुली मोठी करून पडदा तपासून घे. औषध घातल्यावर काही तास धूसर दिसतं, तेव्हा मोटरसायकल घरी ठेव आणि वहिनीला सोबत ने. कधी जातोस ते कळव.

तुझी,
धाकटी