वर्गणीचे पैसे आणि काचेचे व्हॉल्व्ह

आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात एक जुना गिटार ॲम्प्लिफायर आहे. पन्नास वॅटचा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा. ऑर्केस्ट्रातून निवृत्त झालेल्या एका कलावंताने तो आमच्या गायन पार्टीला स्वस्तात दिला. हार्मोनियम, ढोलकी आणि कोरसच्या जोडीला वस्तीतला एक मुलगा त्यावर गिटार वाजवतो. दिवसभर घरोघर पार्सले पोचवायची आणि रात्री विहारात सराव करायचा, असा त्याचा क्रम.

जयंती तीन आठवड्यांवर आली होती. सराव रंगात आला असताना गिटारचा आवाज एकाएकी बसला आणि घरघर सुरू झाली. मागे डोकावून पाहिले, तर दोन मोठ्या व्हॉल्व्हपैकी एकाच्या आतला पत्रा निखाऱ्यासारखा लाल झालेला. मुलाने झटकन बटण बंद केले. "काका, पुन्हा गेला," एवढेच तो बोलला.

त्या "पुन्हा" शब्दाने माझी मान खाली गेली. मागच्या खेपेचे व्हॉल्व्ह मीच आणले होते. मंडळाचा खजिनदार मी, व्यवसायाने कारकून. दुसऱ्याच्या हिशेबातली चार आण्यांची चूक शोधणारा माणूस. पण विकणाऱ्याने "जुना अस्सल मलार्ड आहे, साहेब" म्हटले, काचेवरचे नाव दाखवले, आणि मी तिप्पट पैसे मोजून मोकळा झालो. ती जोडी वर्षभरही टिकली नाही.

मंडळाची बैठक बसली. मी पावती पुढे ठेवली. चार घरची धुणीभांडी करून दरवर्षी न चुकता वर्गणी देणाऱ्या एक मावशी मागे बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "भाऊ, पावती आहे ते दिसतंय. पण घेताना माल तपासला कुणी?"

बंधूभगिनींनो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी सभेची माफी मागितली आणि या वेळी तपासल्याशिवाय एक रुपयाही खर्च करणार नाही, असा शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा आणि मी ॲम्प्लिफायर घेऊन एका वृद्ध रेडिओ मेकॅनिककडे गेलो. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांनी आधी ताकीद दिली : या पेटीत साडेचारशे व्होल्ट खेळतात, आणि बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, तेव्हा जाणकाराशिवाय कोणी ही पेटी उघडायची नाही. स्पीकर जोडल्याशिवाय ती चालूही करायची नाही, नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

मग त्यांनी समजावले. आमच्या पेटीत व्हॉल्व्ह पाच आहेत. तीन लहान, नऊ पिनांचे, ईसीसी ८३ जातीचे. अमेरिकेत यालाच १२एएक्स७ म्हणतात. हे गिटारचा बारीक संदेश मोठा करतात. दोन मोठे, आठ पिनांचे, ईएल ३४. हे स्पीकरला ताकद पुरवतात. ध्वनीच्या लहरीचा एक अर्धा भाग एक व्हॉल्व्ह उचलतो, दुसरा अर्धा दुसरा. म्हणून या दोघांतून वाहणारा प्रवाह जवळजवळ सारखा हवा. मोजून लावलेली जोडीच घ्यायची ती यासाठी.

"तुमचे मागचे दोघे जोडीचे नव्हतेच," अण्णा म्हणाले. "वर बसवताना बायसही कोणी लावला नाही."

बायस म्हणजे काय? गिटार वाजत नसतानाही मोठ्या व्हॉल्व्हमधून थोडा प्रवाह वाहतच असतो. नळ किती उघडा ठेवायचा हे ठरवावे, तसा तो प्रवाह ठरवावा लागतो. काही लहान पेट्यांत तो आपोआप सांभाळला जातो, आमच्या पेटीत तो हाताने लावावा लागतो. ईएल ३४ च्या पत्र्याला २५ वॅट उष्णता सोसते. शांत असताना त्याच्या सत्तर टक्के, म्हणजे साडेसतरा वॅटच्या वर जाऊ नये. साडेसतराला साडेचारशेने भागले की सुमारे ३९ मिलीॲम्पिअर येतात. हा भागाकार मी तिथेच कागदावर केला आणि मनात शरमलो. इतके सोपे गणित होते, आणि मी नाव वाचून पैसे दिले होते!

नावाचेही अण्णांनी सांगितले. मलार्डचे जुने व्हॉल्व्ह इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नला बनत. तिथले उत्पादन केव्हाच थांबले. आज त्याच नावाने जे नवे व्हॉल्व्ह मिळतात ते रशियातल्या सारातोव्ह शहरात तयार होतात. ते वाईट असतात असे मुळीच नाही. पण नवा माल जुन्याच्या भावाने घेणे ही फसगत. आणि खरोखरच जुना असला, तरी तो किती वापरून झालेला आहे, हे नाव सांगत नाही; मीटर सांगतो.

आता निवड. कोणी सुचवले, पाचही बदला. अण्णांनी मानले नाही. मोठे व्हॉल्व्ह लवकर झिजतात, लहान कित्येक वर्षे चालतात. त्यांनी चांगला ईसीसी ८३ घेऊन तो एकेका जागी लावून पाहिला. दोन जागी काहीच फरक पडला नाही, पहिल्या जागी मात्र कुरकुर थांबली. जुन्या व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकेच टकटक केली तर स्पीकरमधून खण्ण आवाज आला. दोषी एकच निघाला.

कोणी म्हणाले, मोठ्यांच्या जागी ६एल६ टाका, त्यालाही तशाच आठ पिना. पण खोबणीत बसला म्हणजे चालला असे नव्हे. त्याचा बायस वेगळा, पिनांची आतली जोडणीही थोडी वेगळी. तो विचार सोडला.

पहिल्या जागी काय घालायचे? मुलगा म्हणाला, "काका, मला आवाज फाटलेला नको. गाण्यातला शब्द ऐकू आला पाहिजे." ईसीसी ८३ आवाज साधारण १०० पट वाढवू शकतो, ईसीसी ८१ साधारण ६० पट, पिना दोघांच्या सारख्या. म्हणून तिथे ईसीसी ८१ बसवला. गिटार आता गायकाच्या अंगावर धावून येत नाही.

मोठी जोडी आम्ही स्लोव्हाकियात बनलेली घेतली : नवी, मोजलेली, मागच्या खर्चाच्या निम्म्याहून कमी किमतीची. अण्णांनी बायस लावून मीटर माझ्या हातात दिला. एकावर ३७, दुसऱ्यावर ३८. ते आकडे मी पावतीच्या पाठीमागे लिहून ठेवले.

केसपुत्तच्या कालामांना भगवान बुद्धांनी हेच शिकवले, की परंपरा सांगते म्हणून वा कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा. हे सुत्त मी अनेकदा भाषणात सांगितले आहे. बाजारात मात्र विसरलो. ज्या समाजाला हजारो वर्षे नावावरून आणि जन्मावरून जोखले गेले, त्या समाजाच्या माणसाने काचेवरचे नाव पाहून भुलावे, याचे मला आजही वाईट वाटते.

१३ एप्रिलच्या मध्यरात्री गायन पार्टी उभी राहिली. कोरसमागून गिटारचा आवाज स्वच्छ येत होता. मावशी पहिल्या रांगेत होत्या.

पुढच्या बैठकीत मी हिशेब मांडला. मावशींनी पावती हातात घेतली, उलटी केली आणि नातीला म्हणाल्या, "वाच गं, काय लिहिलंय." नातीने वाचले, "सदतीस, अडतीस."

"सारखेच आहेत की," मावशी म्हणाल्या आणि पावती माझ्याकडे परत दिली.

जय भीम!