झील आणि झुंज

शाहिराच्या मागे उभं राहून ‘जी जी रं जी’ म्हणणाऱ्या झीलकऱ्याकडे श्रोत्यांचं फारसं लक्ष नसतं. शाहिराचा दम कुठं संपतोय, कडवं कुठं उचलायचं, पांगलेली शेवटची रांग गोष्टीत परत कशी ओढायची, हे मात्र त्यालाच आधी कळतं. कोल्हापुरात, म्हणजे शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या गावात, पेठेतल्या शिवजयंतीला अशी झील धरणारा प्रस्तुत लेखक पॉवर मेटल ऐकतो, याचं तालमीतल्या मंडळींना हसू येतं. येऊ दे. ‘सबाटन’ या स्वीडनमधल्या फालून गावच्या बँडचा ‘द लास्ट स्टँड’ हा २०१६चा अल्बम त्यानं ऐकला, तोही झीलकऱ्याच्याच कानानं.

पॉवर मेटलची घडण पक्की केली ती जर्मनीच्या ‘हॅलोवीन’नं, १९८७ आणि १९८८ साली दोन भागांत आलेल्या ‘कीपर ऑफ द सेव्हन कीज’मध्ये. दोन्ही पायांनी घोडदौडीसारखा वाजणारा बास ड्रम, जोडीनं धावणाऱ्या दोन गिटारी, टिपेला जाणारा गायक आणि हजारोंनी एकदम म्हणावं असं धृपद. पुढं या घराण्यात ड्रॅगन, जादूगार आणि मंतरलेल्या तलवारींची इतकी गर्दी झाली, की ऐकणाऱ्याला कंटाळा यावा. सबाटननं ड्रॅगन बाहेर काढले आणि खऱ्या लढाया आत आणल्या. गायक योआकिम ब्रोडेनचा आवाजही टिपेचा नाही, खर्जाकडं झुकलेला, दमदार आहे. शाहिरी कानाला तो लगेच आपला वाटतो.

या अल्बमचा विषय एकच: मूठभरांनी अफाट फौजेपुढं दिलेली झुंज. थर्मोपिलीचे स्पार्टन, १५२७मध्ये रोममध्ये पोपला वाचवताना कापले गेलेले स्विस रक्षक, १९१५मध्ये बेलग्रेड राखणारे सर्ब, १८७७मध्ये शिरोयामाच्या टेकडीवर सैगो ताकामोरीसोबत उरलेले सामुराई. पन्हाळ्यापासून इतक्या जवळ राहणाऱ्या माणसाला ही यादी ऐकताना १३ जुलै १६६० आठवणारच. सिद्दी जौहरचा वेढा, पावसातली रात्र, विशाळगडाची वाट आणि घोडखिंड, म्हणजे आजची पावनखिंड, अडवून उभे राहिलेले बाजीप्रभू. आजही दर जुलैत पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत माणसं चिखल तुडवत चालत जातात. या अल्बमचा मसाला आपल्याला नवा नाही. तो शिजवलाय कसा, एवढंच बघायचं.

धृपदात हा बँड पक्का मुरलेला आहे. ‘स्पार्टा’ या गाण्यात पुरुषी समूहस्वर नुसते हुंकार देतो. शब्द नाहीत, अर्थ नाही, पण ढालींची भिंत समोर उभी राहते. झील हेच करते. ‘जी जी’ला कोशात काय अर्थ असेल तो असो, मैदानात तिचं काम शाहिराच्या एकट्या गळ्याला फौजेचं बळ देणं. ‘द लॉस्ट बटालियन’मध्ये तर तालासाठी बंदुकांचे आवाज वापरलेत. वाचताना ही चमत्कृती वाटेल, पण १९१८मध्ये आर्गोनच्या जंगलात वेढल्या गेलेल्या अमेरिकन तुकडीच्या गाण्यात तो ताल छातीवर बसतो. ‘ब्लड ऑफ बॅनकबर्न’मध्ये स्कॉटलंडची बॅगपाइप येते आणि गाणं तीन मिनिटं पुरी व्हायच्या आत उरकतं. पाल्हाळ नाही.

पण पाल्हाळ नसणं आणि उसंत नसणं यात फरक आहे, आणि अल्बम घसरतो तो इथं. सगळा मिळून तो जेमतेम ३६ मिनिटांचा. जवळजवळ प्रत्येक गाणं पहिल्या ठोक्यापासून शिखरावर. मग शिखर कळायचं कशावरून? पावनखिंडीचा पोवाडा रंगवणारा शाहीर खिंडीत थेट उडी मारत नाही. तो आधी शिवा काशीदकडं थांबतो. शिवाजी महाराजांचा वेश घेऊन पालखीत बसलेला हा नेबापूरचा माणूस, आपण परत येणार नाही हे जाणून निघालेला. इथं डफ उतरतो, झीलकरी गप्प होतात, शाहीर साध्या बोलण्यावर येतो. त्या दोन मिनिटांच्या गद्यावर पुढची सगळी खिंड लढली जाते. सबाटनला हे कळत नाही असंही नाही. ‘द लॉस्ट बटालियन’च्या आधी त्यांनी एका अनाम सैनिकाची डायरी नुसती वाचून दाखवली आहे. मिनिटभराचाच तुकडा, पण नंतरचं गाणं दुप्पट भारी लागतं. असं आणखी दोन-तीन ठिकाणी करायला काय हरकत होती?

दुसरी तक्रार जरा खोलातली. ‘रोर्क्स ड्रिफ्ट’ हे वेगाच्या दृष्टीनं अल्बममधलं सर्वांत तुफान गाणं. जानेवारी १८७९मध्ये सुमारे दीडशे जणांच्या इंग्रज ठाण्यानं तीन-चार हजार झुलूंना रात्रभर थोपवलं, हे खरंच. पण त्याच महिन्यात इंग्रज फौजा झुलूंच्या राज्यात घुसल्या होत्या, ते गाण्यातून गळलं आहे. पलटणीनं जिंकलेल्या मुलखातल्या श्रोत्याला ही गळती खटकते. ‘हिल ३२३४’मध्येही तेच: अफगाणिस्तानातल्या टेकडीवरचे सोव्हिएत सैनिक शूर, पण ती टेकडी कुणाची? अल्बम धैर्य मोजतो, बाकीचा हिशेब ठेवत नाही. आपला पोवाडाही पक्षपाती असतो, त्याबद्दल फुशारकी नको. तरी अज्ञानदासाच्या अफजलखानाच्या पोवाड्यात खान नुसता आकडा नाही. त्याचा थाट आणि त्याची स्वारी दिसते, म्हणून त्याचं मरण मोठं होतं. सबाटनचा शत्रू बहुतेक वेळा फक्त संख्या असतो.

शिवाय बॅनकबर्न आणि व्हिएन्ना या ‘शेवटच्या झुंजी’ कशा? एकीत स्कॉट जिंकले, दुसरीत १६८३ साली पोलंडचे पंखधारी स्वार वेढा फोडायला डोंगरावरून उतरले. ‘विंग्ड हुसार्स’ची चाल इतकी उसळती आहे की श्रोता हरकत घेत नाही. एकदा का धृपद सुरू झालं की लेखकाचीही हरकत विरते, हे सांगून टाकलेलं बरं.

शेवटचं गाणं ‘द लास्ट बॅटल’. मे १९४५, ऑस्ट्रियातला इटर किल्ला. अमेरिकन रणगाडेवाले आणि हिटलरला सोडून आलेले जर्मन शिपाई खांद्याला खांदा लावून एसएसशी लढले, कैदेतल्या फ्रेंच नेत्यांना वाचवायला. असा प्रसंग कुणी रचून सांगितला असता तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं. गाण्यात जर्मन मेजर गांग्ल आणि अमेरिकन कॅप्टन ली यांची नावं आहेत, दारातल्या रणगाड्याचंही आहे. चाल मात्र हलकीफुलकी, जत्रेतल्या पाळण्यासारखी, आणि गांग्ल त्या लढाईत मारला गेला याचं वजन तिला पेलत नाही. कैद्यांत झाँ बोरोत्रा हा नावाजलेला टेनिसपटू होता. मदत आणायला तो भिंतीवरून उडी टाकून धावत सुटला. गाण्यात तो नाहीच. एखाद्या शाहिराच्या हाती हा प्रसंग लागता, तर भिंतीवर चढलेल्या बोरोत्राला त्यानं तिथंच थांबवला असता, डफ खाली घेतला असता, आणि झीलकऱ्यांना डोळ्यानं खुणावून ठेवलं असतं.