चिन्नमलै

चेन्नईत अड्यार नदीच्या दक्षिण काठावर, सैदापेटच्या समोर, एक खडकाळ उंचवटा आहे. तमिळमध्ये त्याला चिन्नमलै म्हणतात. चिन्न म्हणजे लहान, मलै म्हणजे डोंगर. उंची जेमतेम ८० फूट. पुण्याची पर्वती चढून आलेला माणूस याला डोंगर म्हणायला धजणार नाही. टेकाड म्हणेल, तेही भीड म्हणून. पण समुद्राला टेकलेल्या या सपाट मुलखात ८० फूटही पुष्कळ. नैर्ऋत्येला थोरला भाऊ आहे, सुमारे ३०० फुटांचा परंगीमलै. परंगी म्हणजे आपला फिरंगी.

चिन्नमलैचं मेट्रो स्थानक २१ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झालं. विमानतळाकडून येणारी गाडी इथवर खांबांवरून येते, पुढे जमिनीत शिरते आणि नदीच्या पात्राखालून सैदापेटला निघते. रोजच्या प्रवाशाला त्यामुळे अड्यार ओलांडल्याचं कळतही नाही. कळते ती वासाने. नदीकडचा वारा असला की डब्याचं दार उघडताच कुजक्या गाळाचा, साबणाचा, सांडपाण्याचा मिश्र दर्प आत येतो. नाकाला रुमाल लावणारा हात सवयीचा असतो; नदी कुठे आहे हे मात्र कोणी मान वळवून पाहत नाही.

टेकाडावर एक गुहा आहे. ख्रिस्ताचा शिष्य संत थॉमस तिथे राहिला आणि इ. स. ७२ मध्ये परंगीमलैवर मारला गेला, अशी इथल्या ख्रिश्चनांची परंपरा. गुहेत वाकून शिरावं लागतं. आतल्या अरुंद फटीतून थॉमस पाठलाग करणाऱ्यांच्या हातून निसटला, असं सांगतात आणि तिथल्या दगडावरचा ठसा त्याच्या पंजाचा म्हणून दाखवतात. खडकातून त्याने काढलेला झराही दाखवतात. पोर्तुगीजांनी १५५१ मध्ये इथे देऊळ बांधलं. आजचं गोल चर्च १९७१ चं. पंजाचा ठसा खरा की खोटा हा वाद घालण्यात अर्थ नाही. दगड गुळगुळीत झाला आहे तो हात लावणाऱ्यांमुळे, आणि ते हात तरी खरे आहेत.

या भागातला खडकही आपल्या काळ्या पाषाणासारखा नाही. निळसर करडा, तेलकट चमकीचा, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. सह्याद्रीचा बसाल्ट त्याच्यापुढे तान्हं पोर. भूशास्त्रात त्याचं नाव चार्नोकाइट. थॉमस हॉलंड या भूशास्त्रज्ञाने ते ठेवलं, कारण कोलकात्यात ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी जॉब चार्नॉक याच्या थडग्यावर हाच दगड आहे. दगड मद्रासचा आणि नाव कोलकात्याच्या मयताचं, हा अन्याय कोणी दुरुस्त केलेला नाही.

अड्यारवरच्या पुलाची गोष्ट याहून बरी. पूर्वी मद्रासहून चिन्नमलै-परंगीमलैकडे जाणाऱ्या यात्रेकरूंना अड्यार पायी ओलांडावी लागे आणि पावसाळ्यात ते अडकत. १७२६ मध्ये कोजा पेट्रस उस्कन या अर्मेनियन व्यापाऱ्याने स्वखर्चाने इथे कमानींचा पूल बांधला. परंगीमलैच्या पायऱ्यांनाही त्याने पैसा दिला. माणूस हट्टी असावा. १७४६ मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतलं तेव्हा तो त्यांच्या बाजूला गेला नाही, आणि मालमत्ता गमावून बसला. १७५१ मध्ये वारला. देह मद्रासच्या वेपेरीत पुरला. हृदय मात्र त्याच्या इच्छेनुसार इराणातल्या जुल्फा या अर्मेनियन वस्तीला पाठवलं. पूल मागे राहिला.

जवळच्या मांबलम गावावरून पुलाला मांबलमचा पूल म्हणावं, तर पोर्तुगीज-इंग्रजी तोंडांत त्याचं झालं ‘मार्मलाँग’. १९६०च्या दशकात नवा पूल झाला, जुना गेला, उस्कनचा शिलालेख तेवढा उरला. नव्या पुलाला नाव दिलं मरैमलै अडिगळ या तमिळ विद्वानाचं. त्यांचं मूळ नाव वेदाचलम. शुद्ध तमिळच्या आग्रहापायी त्यांनी स्वतःच्या नावाचाही अनुवाद केला. वेदाचं झालं मरै, अचलाचं मलै. म्हणजे चिन्नमलैच्या पायथ्याशी आज नदीवर उभा आहे तोही एक डोंगरच.

पुलाखाली परीट कपडे आपटत. १८६८ मध्ये नदीपलीकडे सैदापेटला सरकारी शेतीशाळा निघाली. पुढे ती कोइंबतूरला गेली आणि तिथे कृषी विद्यापीठ झालं. शेतीशाळा गेली, तसं जंगल म्हणावं असंही जवळ एकच उरलं आहे, गिंडीचं राष्ट्रीय उद्यान. पावणेतीन चौरस किलोमीटरही पुरतं नाही, पण त्यात काळवीट आणि चितळ आहेत.

१ डिसेंबर २०१५ ला चेन्नईच्या तांबरम उपनगरात एका दिवसात ४९ सेंटिमीटर पाऊस झाला. नदीच्या वरच्या अंगाला चेम्बरंबाक्कम तलावातून सेकंदाला २९,००० घनफूट पाणी सोडावं लागलं. अड्यारने पात्र सोडलं, सैदापेटच्या काठच्या झोपड्या बुडाल्या आणि पूल बंद करावा लागला. पुढे काठावरच्या पुष्कळ कुटुंबांना शहराबाहेर दक्षिणेला पेरुंबाक्कमला घरं देण्यात आली. पेरुम म्हणजे मोठं, पाक्कम म्हणजे वस्ती. तिथे ओळीने इमारती उभ्या आहेत, तळमजला धरून आठ मजल्यांच्या. उंचीला त्या साधारण चिन्नमलैएवढ्या भरतात.