डावा पाय

माझ्या टेबलावर पुस्तकांना टेका म्हणून एक लोखंडी तबकडी उभी केलेली असते. वीतभराहून थोडी कमी रुंद, मधोमध दातेरी भोक असलेली आणि कडेला तांबूस रंगाच्या चार जाड पाकळ्या मिरवणारी. गेल्या दिवाळीत फराळाला आलेल्या एका बाईंनी ती रांगोळीचा साचा समजून उचलली आणि वजनाने दचकून पुन्हा जागच्या जागी ठेवली. ती मोटारीची क्लच प्लेट आहे. आठ वर्षे ती आमच्या गाडीत होती आणि काढली तेव्हाही जवळजवळ नव्यासारखीच होती. इतकी टिकाऊ वस्तू काढलीत कशाला, असे मला पुष्कळजण विचारतात. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून आज जरा ऐसपैस सांगतो.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. २००१ साली त्यांनी नवी कोरी एस्टीम घेतली आणि पुण्याहून वाईला जाण्यासाठी एस.टी.च्या रांगेत उभे राहणे त्या दिवसापासून संपले. अण्णांची गाडी चालवण्याची एक रीत होती. गिअर बदलला, की डावा पाय क्लचवरून उचलून ते बाजूला जमिनीवर सपाट ठेवीत. सिग्नलला थांबले, की गाडी न्यूट्रलमध्ये आणि पाय पुन्हा जमिनीवर. घाटात गाडी थांबली तर हँडब्रेक ओढून धरायचा, क्लच हलकेच सोडत इंजिनाने भार घेतलेला जाणवला, की मगच ब्रेक सोडायचा. मागच्या गाड्या हॉर्न वाजवीत, मी ओशाळून खिडकीबाहेर पाही. अण्णा शांतपणे म्हणत, “क्लच म्हणजे उंबरठा. ओलांडायचा, त्यावर बसायचं नाही.”

तो मूळचा क्लच बारा वर्षे आणि ९६,००० किलोमीटर चालला. २०१३ साली खंबाटकीच्या चढावर इंजिन ओरडू लागले आणि वेग मात्र वाढेना. पाठोपाठ जळका वास आला. क्लच घसरत होता. त्याआधी वर्षभर मी त्या गाडीवर माझी हौस भागवून घेतली होती. एअर फिल्टर बदलला होता, सायलेन्सर मोकळा केला होता. त्यामुळे माझी अशी समजूत झाली, की इंजिनाची ताकद आता या साध्या क्लचला पेलवत नाही. गाड्या ‘तयार’ करून देणाऱ्या एका गॅरेजातून मी परदेशी बनावटीचा परफॉर्मन्स क्लच बसवून घेतला. मूळ क्लचच्या दीडपट भार तो पेलेल, असे त्याच्या पत्रकात छापले होते. किती वर्षे पेलेल, हे छापलेले नव्हते. आणि मलाही ते विचारावेसे वाटले नाही. जे बळकट ते टिकाऊ, असा माझा सरळ हिशेब होता.

क्लचची करामत तशी साधी असते. इंजिनाबरोबर फिरणारे फ्लायव्हील आणि स्प्रिंगच्या जोराने दाबणारी प्रेशर प्लेट यांच्यामध्ये ही तबकडी घट्ट धरलेली असते. पेडल दाबले, की पकड सुटते. सोडले, की पुन्हा बसते. पकड वाढवायची तर तबकडी मोठी करावी, पण ती ज्या घरात बसते त्याची रुंदी ठरलेली. म्हणून बळकट क्लच करणारे दोन गोष्टी करतात: स्प्रिंग अधिक ताठ करतात, आणि तंतू व राळ यांच्या मऊ अस्तराऐवजी धातू आणि सिरॅमिकच्या अशा पाकळ्या लावतात. पकड जबरदस्त होते. मात्र ताठ स्प्रिंग दाबायला पायही तसाच लागतो, आणि ती पाकळी हळुवारपणे धरायला कधी शिकत नाही. धरते ती झडप घालून, आणि सगळी गाडी थरथरते.

ती थरथर मला मर्दानी वाटत असे. पहिले ८०० किलोमीटर प्लेट जपून ‘बसवायची’ असते, तीही मी कौतुकाने बसवली. अण्णा तेव्हा ६६ वर्षांचे होते. एकदा ते गाडी घेऊन मंडईत गेले, दोन तासांनी परतले, किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, “छान झाली आहे गाडी.” त्यानंतर कुठे जायचे निघाले, की म्हणायचे, “तूच चालव. मी आपला बाजूला बसतो.” मला वाटले, वय झाले, आता त्यांना आराम आवडू लागला.

आठ वर्षे अशी गेली. २०२१ साली गाडीला वीस वर्षे होऊन पुनर्नोंदणीची वेळ आली. त्याआधी गिअरबॉक्सपाशी तेल गळताना दिसले, म्हणून आमच्या जुन्या मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवला. मी मुद्दाम हजर राहिलो. ४१,००० किलोमीटर झाले होते, आणि प्लेट पाहून मला धन्यता वाटली. मिस्त्रींनी ती हातात फिरवली, मग फ्लायव्हीलवर बोट फिरवले. त्यावर चरे पडले होते, उष्णतेचे निळसर डाग उमटले होते. बेअरिंग कुरकुरत होते. क्लचची वायर तर मधल्या काळात दोनदा तुटली होती.

“साहेब,” मिस्त्री म्हणाले, “प्लेट अजून आठ वर्षं जाईल. पण हिच्या शेजाराला राहिलेलं काही जाणार नाही.”

मग त्यांनी माझ्या मूळ समजुतीलाच हात घातला. “तेव्हा जुना क्लच घसरला तो कमजोर होता म्हणून नव्हे, संपला होता म्हणून. फिल्टर आणि सायलेन्सर बदलून ताकद अशी कितीशी वाढते? तसलाच नवा टाकला असता तरी भागलं असतं.”

क्लच झिजतो तो फिरताना नव्हे, घसरताना, हे त्यांनी मला नीट समजावून दिले. थांबलेली गाडी सपाटीवर हलवताना जितकी शक्ती तिच्या गतीत जाते, साधारण तितकीच तबकडीत उष्णता होऊन जाते. आणि इंजिन दुप्पट वेगाने फिरवत ठेवून क्लच सोडला, तर ती उष्णता चौपट होते. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरणे म्हणजे ती चुलीवर ठेवणेच. आयुष्य असते ते डाव्या पायात, पत्रकात नसते.

घरी येऊन मी आईला प्लेटचे कौतुक सांगू लागलो. ती करंज्यांचे सारण भाजत होती. वर न पाहताच म्हणाली, “टिकली असेल बाबा. ह्यांचा गुडघा काही टिकला नाही. मंडईतून आले त्या दिवशी सुजून एवढा झाला होता. रात्रभर शेकत होते मी. मला म्हणाले, त्याला सांगू नकोस, हौसेनं केलंय त्यानं.”

मी काही बोललो नाही. पण मनातल्या मनात एक हिशेब होऊन बसला. अण्णांच्या काळात गाडी वर्षाला आठ हजार किलोमीटर चालत होती. माझ्या काळात जेमतेम पाच. उरलेले तीन हजार अण्णांचे होते. बाजार, बँक, मित्रांच्या घरच्या चकरा, मधूनच वाटले म्हणून वाई. ज्या टिकाऊपणाचा मला अभिमान वाटत होता, त्यात हे न झालेले तीन हजार दर वर्षी जमा होत गेले होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना सांगितले, साधा क्लच टाका. फ्लायव्हील बदलले, बेअरिंग आणि वायर बदलली. नोव्हेंबरात पाडव्याच्या दिवशी मी गाडीची किल्ली अण्णांपुढे धरली. ते ७४ वर्षांचे होते. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे पाहिले. आईने डोळे दुसरीकडे वळवले. अण्णांनी बसून पेडल दाबून पाहिले. पुन्हा एकदा दाबले. म्हणाले काहीच नाही. फक्त आरसा आपल्या उंचीला लावून घेतला.

वाईला ढोल्या गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही पसरणीच्या घाटाने पाचगणीकडे निघालो. निम्म्या चढावर पुढची बस थांबली आणि मागे रांग लागली. अण्णांनी हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली. मागे कुणीतरी हॉर्न वाजवू लागले. मी या वेळी खिडकीबाहेर पाहिले नाही. मी खाली पाहत होतो. अण्णांचा डावा पाय क्लचवरून निघून जमिनीवर सपाट टेकला होता, आणि बस हलेपर्यंत तो तसाच निवांत राहिला.