सरक, मला बघू दे

एका सीडीत साडेसहाशे एमबी मावायचे. सदाशिव पेठेत ज्या काकूंकडे मी कॉट बेसिसवर राहत होते, त्यांच्या हॉलमधल्या फोनला मोडेम जोडायची परवानगी मिळाली असती असं घटकाभर धरू. मोडेम नावाला ५६ केबीपीएसचा, पण खुशीत असला तरच सेकंदाला पाच केबी ओढणार. भागाकार केला की सदतीस तास येतात. २००३ साली आलेल्या रेड हॅट लिनक्स ९ च्या सीडी होत्या तीन. म्हणजे साडेचार दिवसांहून जास्त वेळ काकूंचा फोन अडवून धरायचा आणि तेवढ्या वेळात त्यांच्या नाशिकच्या लेकीने आईची आठवण काढायची नाही!

हा हिशेब परवा भाचीला मांडून दाखवत होते. ती कोथरूडला माझ्याकडेच राहते, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी तिसऱ्या सीडीपर्यंत पोचेतो तिच्या लॅपटॉपवर उबुंटूची जवळपास सहा जीबीची फाइल उतरूनसुद्धा झाली.

“मग तुम्ही लोक काय करायचात गं मावशी?”

“मागायचो.”

खरंच, आमचं लिनक्स हे मागून आणलेलं लिनक्स होतं. ‘पीसीक्वेस्ट’ मासिकाबरोबर लिनक्सच्या सीडी यायच्या. कॉलेजच्या ग्रंथालयात मासिक टेबलावर असायचं आणि सीडी ग्रंथपालांच्या कुलूपबंद खणात. आय-कार्ड ठेवा, रजिस्टरवर सही करा, उद्या अकराच्या आत परत. वर्गात ज्याच्याकडे सीडी रायटर होता त्याला लग्नसराईतल्या भटजींचा भाव. कोऱ्या सीडी आपण न्यायच्या, शिवाय त्याला वडापाव चारायचा, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर सीडीही गेली नि वडापावही.

आमच्या लॅबबाहेर चपलांचा ढीग असायचा. आत एसी, कारण गारवा माणसांना नव्हे, यंत्रांना लागायचा. सगळीकडे विंडोज ९८ आणि त्यावर टर्बो सीची निळी खिडकी. ‘व्हॉइड मेन’, ‘क्लियर स्क्रीन’, शेवटी ‘गेट सीएच’ या तीन मंत्रांवर आम्ही दोन वर्षं काढली. दुसऱ्या वर्षी लिनक्सच्या सर्व्हरवर टेलनेटने शिरून तोच प्रोग्रॅम तिथल्या जीसीसी या कंपायलरला दिला, तर त्याने ‘कोनिओ डॉट एच’ नावाची फाइल आपल्याला माहीत नाही म्हणून सांगितलं. पुस्तकात छापलेली, परीक्षेत गुण मिळवून देणारी गोष्ट एखाद्या यंत्राला ठाऊकच नसते, हा मला धक्का होता. ती फाइल सी भाषेची नाही, एका कंपनीच्या कंपायलरची आहे, एवढं समजायला मला आठवडा लागला. वर्गात मिळालेल्या कुठल्याही धड्यापेक्षा तो आठवडा कामी आला.

लिनक्सचा जन्मही अशाच एका विद्यार्थ्याच्या सोयीतून झाला, हे तेव्हाच वाचलं होतं. हेलसिंकीतला लिनस टोरवाल्ड्स घरबसल्या विद्यापीठाच्या संगणकाशी बोलता यावं म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लिहीत होता. तो वाढत वाढत पुरती ऑपरेटिंग सिस्टिम होऊ लागला. ऑगस्ट १९९१ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने ही गोष्ट जाहीर केली तेव्हा हा आपला निव्वळ छंद आहे, फार मोठं काही होणार नाही, असंच सांगितलं होतं. घरून लॅब गाठण्याची ही गोष्ट मला का भावली, ते मात्र मला परवापर्यंत नीट कळलेलं नव्हतं.

तर, मी भाचीला माझी ठेवणीतली गोष्ट सांगायला घेतली. ऑफिसात नवीन पोरं आली की हमखास सांगते ती.

२००१ चा पावसाळा. वर्गातल्या चौघांनी कर्वेनगरला फ्लॅट घेतलेला, चौघांत एक पीसी. रेड हॅट ७.१ च्या दोन सीडी कुठूनतरी आल्या होत्या. तेव्हा संगणक सुरू होताना लिनक्सला हाक मारायचं काम ‘लिलो’ करायचा. तो आपलं नाव एकेक अक्षर करून पडद्यावर लिहायचा आणि प्रत्येक अक्षर म्हणजे पार पडलेली एक पायरी. चारही अक्षरं उमटली की गंगेत घोडं न्हालं. त्या रात्री ‘एल’ उमटलं, ‘आय’ उमटलं, आणि गाडी तिथेच थांबली. ना लिनक्स, ना विंडोज. जुन्या बायॉसना हार्ड डिस्कच्या पहिल्या १०२४ सिलिंडरांपलीकडचं दिसायचं नाही, आणि आम्ही लिनक्सचा संसार थाटला होता नेमका त्याच्या पलीकडे. आम्ही रात्रभर बसलो. एकाने टॉर्च धरला, दुसऱ्याने कॅबिनेट उघडलं, पहाटे चार वाजता बूट फ्लॉपी सापडली आणि आम्ही...

“थांब थांब,” भाची म्हणाली. “काकूंचं दार नऊला बंद व्हायचं ना? मागच्या आठवड्यात तूच सांगत होतीस.”

मी गप्प झाले.

बंद व्हायचं. नऊला पाच मिनिटं कमी असतानाच आतून कडी वाजायची. पहाटे चार वाजता कर्वेनगरच्या त्या फ्लॅटवर मी असणं शक्यच नव्हतं. मी तिथे नव्हते. टॉर्च, कॅबिनेट, बूट फ्लॉपी हे सगळं मला दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये कळलं, कटिंग चहाबरोबर, ज्याच्या त्याच्या तोंडून थोडं थोडं आणि जो तो स्वतःला नायक करून. ‘एल-आय’ म्हणजे काय ते मी वहीत लिहून घेतलं. वीस वर्षं सांगता सांगता ‘ते’चं ‘आम्ही’ कधी झालं, मलाच कळलं नाही. स्मरणरंजनात रंग आधी चढतो आणि स्मरण त्याच्या मागून धावतं.

माझं लिनक्स निराळं होतं. वडिलांनी पीएफमधून पैसे काढून दिले आणि तपकीर गल्लीतून मी पीसी जुळवून घेतला: सेलेरॉन, १२८ एमबी रॅम, २० जीबीची हार्ड डिस्क. तो रिक्षात मांडीवर धरून आणला. माझी रूम-पार्टनर मराठीत एमए करत होती. २००३ च्या जुलैत त्या तीन सीडी एकदाच्या हाती आल्या, तेव्हा वर्गमित्राने लिहून दिलेला कागद ती मोठ्याने वाचायची आणि मी टंकायची. ‘मॉनिटरची आडवी वारंवारिता विचारतंय, चुकली तर मॉनिटर बिघडू शकतो म्हणे,’ असं तिने इतक्या गंभीर आवाजात वाचलं की आम्ही दोघी उठलो आणि पलंगाखालच्या खोक्यातून मॉनिटरचं माहितीपत्रक शोधून काढलं.

मग मी हार्ड डिस्कचे भाग पाडताना चुकीचा भाग पुसला. त्यात तिचा चाळीस पानांचा टंकलेला प्रबंध होता. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी रात्री मी पुन्हा काळ्या पडद्यापुढे डोकं धरून बसले, तेव्हा स्टूल ओढत आली आणि म्हणाली, “सरक, मला बघू दे.”

तिला संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण पडद्यावर काय लिहिलंय ते ती वाचायची. आम्ही संगणकवाले लाल अक्षरं दिसली की घाबरून पुन्हा एंटर मारतो. ती साहित्याची विद्यार्थिनी, ओळ न ओळ वाचून अर्थ विचारायची. ‘परवानगी नाकारली, असं म्हणतोय. कोणाला नाकारली? कशाची?’ अर्ध्या चुका तिच्या या प्रश्नांनीच सुटल्या. नऊनंतरचं दार बंद होतं, म्हणून आमची लॅब कॉटवरच भरली.

तिच्या तक्रारी मात्र रास्त होत्या. एवढी खटपट केली, पण रेड हॅटवर एमपीथ्री गाणी वाजत नव्हती. पेटंटच्या भीतीने कंपनीने ती सोयच काढून टाकली होती. माझा मोडेम विंडोजशिवाय कोणाचं ऐकत नव्हता. मग अडलेला प्रश्न चिठ्ठीवर लिहून सायबर कॅफेत जायचं, उत्तर फ्लॉपीवर आणायचं, घरी ती फ्लॉपी ‘माउंट’ करायची. ‘अनमाउंट’ न करता काढली तर त्यावर लिहिलेलं राहील याची खात्री नाही. आणि मराठीचं तर विचारूच नका. नुसत्या रिकाम्या चौकटी, नाहीतर वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला. “तुझं हे यंत्र बोबडं आहे,” ती म्हणायची. पुढे रेड हॅटनेच ‘लोहित’ हे मुक्त फाँट दिले, वेलांट्या हळूहळू जागेवर आल्या. पण तोवर आमच्या कॉट सुटल्या होत्या.

२००५ मध्ये मी नोकरीला लागले. त्याच सुमारास उबुंटूच्या सीडी मागाल तिथे टपालाने फुकट यायच्या. कराडच्या घरी परदेशी शिक्क्याचं पाकीट आलं तेव्हा वडिलांनी ते तीनदा उलटसुलट करून पाहिलं. “टपालखर्चही घेत नाहीत? पुढे काय मागतील ते बघ.” त्यांनी काहीच मागितलं नाही. २०११ मध्ये सीडी पाठवणं बंद झालं, कारण मागणाऱ्यांना आता टपालाची गरज उरली नव्हती.

आताचं काय सांगावं! २००१ साली मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. त्याच कंपनीने २०१६ मध्ये विंडोजच्या पोटात लिनक्स चालवायची सोय जाहीर केली. भाचीने पहिल्या वर्षी एक आज्ञा देऊन ते बसवलं, हार्ड डिस्कचे भाग न पाडता. तिच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्सच आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून सगळे लिनक्सवर चालणारे आहेत. ज्यासाठी आम्ही आय-कार्ड गहाण ठेवायचो, ते आता पाण्यासारखं नळाला येतं. म्हणूनच त्याकडे कोणी बघत नाही.

काही गोष्टी मात्र जशाच्या तशा. भाचीच्या लॅबबाहेरही चपलांचा ढीग आहे. कोड गिटवर चढतो, असाइनमेंट ऑनलाइन जमा होते, तरीही जर्नल लागतंच. इंडेक्सच्या पानावर सही नसेल तर टर्मवर्क नाही, आणि सही करणारे सर नेमके सबमिशनच्या दिवशी रजेवर. एक्स्टर्नल आजही तोंडीला आधी तब्येत विचारतात आणि मग डेडलॉक.

पण तिचं विचारणं बदललंय. एरर आला की ती तो उचलून एआयच्या चौकटीत टाकते. दहा सेकंदांत उत्तर येतं, बहुतेकदा बरोबर. ती ते चिकटवते आणि पुढे जाते. मध्ये कोणी माणूस लागत नाही. प्रथम मला याचं वाईट वाटलं. मग तो नऊचा दरवाजा आठवला. रात्री दोन वाजता, कुणाच्या फ्लॅटवर न जाता, कुणाला वडापाव न चारता, उद्याच्या कँटीनची वाट न पाहता तिला उत्तर मिळतं. ‘तुला कशाला हवंय ते?’ असं कोणी विचारत नाही. माझ्या वेळी ज्ञान मुलांच्या खोलीत राहायचं आणि माझ्याकडे सकाळी यायचं. त्या दिवसांना सोनेरी म्हणताना हे मी सोयीने विसरत होते. हेलसिंकीच्या त्या मुलाचं घरून लॅब गाठणं मला का आवडलं, तेही आता लक्षात आलं.

गेल्या महिन्यात तिला प्रोजेक्टसाठी विंडोजच्या पोटातलं लिनक्स पुरेना. तिने लॅपटॉपवर खरं लिनक्स शेजारी बसवलं, चांगलं चाललं, आणि एका रात्री जागा वाढवायला म्हणून विभाजनं इकडची तिकडे सरकवली. दुसऱ्यांदा सुरू केलं तर काळा पडदा, लिलोच्या जागी आलेल्या ‘ग्रब’चं तेवढं नाव आणि लुकलुकणारा कर्सर. फोनवर एआयने सांगितलेल्या आज्ञा ती टंकत होती, पण तो आपल्याच मनाने पाचव्या विभाजनात लिनक्स धरून चालला होता आणि पाचव्यात काहीच नव्हतं. साडेबारा वाजले होते. तिच्या खोलीतला दिवा पाहून मी आत गेले.

“सरक, मला बघू दे.”

“तुला येतं हे?”

“नाही. ग्रबचं मला काही आठवत नाही. पण वाच बघू काय म्हणतोय ते.”

ती वाचू लागली. आधी ‘एलएस’ दिलं, विभाजनांची यादी आली. मग एकेकाच्या आत डोकावलो. दुसऱ्यात विंडोजचा पसारा, तिसऱ्यात काही नाही, सातव्यात ‘बूट’ नावाचं फोल्डर दिसलं तेव्हा ती एवढ्या जोरात ओरडली की शेजारचा कुत्रा भुंकला. जुनी मांडणीची फाइल तिथून उघडायला सांगितली, मेनू परत आला. दीड वाजला होता. आम्ही उरलेली पोळी गुळाबरोबर खाल्ली आणि झोपलो.

रविवारी तिच्या मैत्रिणी आल्या होत्या. मी आत भाजी निवडत होते. बाहेरून तिचा आवाज आला, “अगं, त्या रात्री ग्रबच गेला होता माझा. आम्ही दीड वाजेपर्यंत बसलो, एकेक पार्टिशन शोधत...”

मेथीची जुडी हातात तशीच राहिली. या ‘आम्ही’त मी होते.