भाषणाच्या वेळी दिवे घालवू नका

अंधार झाला की कर्णबधिर माणसांच्या गप्पा थांबतात. हात दिसेनासे झाले, चेहरा दिसेनासा झाला की वाक्य तिथेच तुटतं. हे मला आरे कॉलनीत, एका सत्कार समारंभात, डोळ्यांसमोर घडताना दिसलं.

आरेतला काळोख मुंबईतल्या इतर काळोखासारखा नाही. रस्ता गोठ्यांच्या युनिटांमधून, पाड्यांच्या कडेकडेने जातो, झाडं रस्त्यावरच्या दिव्यांना झाकून टाकतात आणि बिबट्याच्या धाकाने माणसं लवकर घरी परततात. दुग्धविकासाचं काम करणाऱ्या दारा खुरोडींनी शहरातल्या म्हशी इथे आणल्या, 1951 साली पंडित नेहरूंनी या दुग्धवसाहतीचं उद्घाटन केलं. आता त्याच परिसराच्या कडेला लग्नाची लॉन्स आणि बँक्वेट हॉल आहेत. कर्णबधिर मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने आपल्या देणगीदारांचा सत्कार तिथे ठेवला होता. तिकीट लावून जेवण, मधे मुलांचा नाच, शेवटी नव्या देणग्यांची घोषणा.

सुरुवातीला हॉल लख्ख उजळलेला होता आणि सगळ्यात रंगलेलं टेबल होतं मागच्या बाजूचं. संस्थेचे माजी विद्यार्थी तिथे बसले होते. हातांचा वेग, भुवयांची चढउतार, पलीकडच्या टोकाला बसलेल्याचं लक्ष वेधायला टेबलावर मारलेली थाप, आणि मग सगळ्यांचं एकदम खळाळून हसणं. पाहुणे आले, दीपप्रज्वलन झालं, आणि वातावरण भारदस्त व्हावं म्हणून दिवे मंद केले गेले. प्रकाशझोत वक्त्यावर. दुभाषी मुलगी व्यासपीठाच्या कोपऱ्यात, झोताच्या बाहेर. मागचं टेबल क्षणात गप्प झालं. मग त्यातल्या एकाने मोबाइलचा टॉर्च लावला आणि तिच्या हातांवर धरला. पाठोपाठ दुसऱ्याने, तिसऱ्याने. ज्यांच्या नावाने तो सोहळा चालला होता, ते आपल्याबद्दल काय बोललं जातंय हे कळण्यासाठी स्वतःच उजेड पुरवत होते.

संस्थेच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही, आणि देणगीदारांबद्दल तर मनापासून आदर आहे. या कामाला पैसा लागतो, खूप लागतो. शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या कॉक्लिअर इम्प्लांटचं यंत्रच काही लाखांचं. लहान मुलांसाठी केंद्र सरकारच्या योजनेतून ते मिळू शकतं, बांद्रा रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था 1983 पासून या क्षेत्रात उभी आहे. पण शस्त्रक्रिया म्हणजे सुरुवात. त्यानंतर कित्येक वर्षं वाचा-उपचार, प्रोसेसरच्या वायरी, बॅटऱ्या, दुरुस्त्या. आरेतल्या एखाद्या पाड्यावरच्या आईने मूल कडेवर घेऊन बसने गोरेगाव स्टेशन गाठायचं, तिथून लोकलने बांद्रा, परत तसंच. त्या दिवसाची मजुरी बुडाली ती बुडालीच. हा खर्च कुठल्याच पावतीवर येत नाही. तो कुणी उचलत असेल तर त्याच्या खांद्यावर शाल जरूर घालावी.

माझं म्हणणं वेगळं आहे. मदत करणारे ऐकू येणारे, मदतीचा मार्ग ठरवणारे ऐकू येणारे आणि कौतुकाची भाषाही ऐकू येणाऱ्यांचीच, ही घडी फार जुनी आहे. 1880 साली मिलानमध्ये शिक्षकांची परिषद भरली आणि कर्णबधिर मुलांना फक्त बोलणं शिकवावं, खुणांची भाषा वर्गातून हद्दपार करावी, असा ठराव तिने केला. जमलेल्या दीडशेहून अधिक प्रतिनिधींत कर्णबधिर फक्त एक होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने मुंबईत देशातली पहिली मूकबधिर शाळा निघाली. पुढे आपल्याकडच्या बहुतेक शाळांत ओठ वाचणं आणि उच्चार घोटून घेणं यालाच शिक्षण मानलं गेलं. खुणांची भाषा मधल्या सुट्टीत, वसतिगृहाच्या खोल्यांत, मोठ्या मुलांकडून धाकट्यांकडे जात राहिली. तिच्यासाठी कुणी निधी उभारला नाही, तरी ती वाढली. सरकारने तिच्यासाठी दिल्लीत स्वतंत्र केंद्र काढलं ते 2015 साली.

पैसा पुष्कळ असला म्हणजे प्रश्न सुटतो असंही नाही. वॉशिंग्टनच्या गॅलोडेट संस्थेला 1864 साली लिंकन यांच्या सहीने पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. कर्णबधिरांचं जगातलं सर्वांत नावाजलेलं विद्यापीठ, सरकारी पाठबळ भक्कम. पण तिथे कर्णबधिर अध्यक्ष यायला 1988 उजाडावं लागलं, आणि तेही विद्यार्थ्यांनी आवार बंद पाडलं तेव्हा. सव्वाशे वर्षं त्यांना सगळं दिलं गेलं, फक्त खुर्ची सोडून.

कर्णबधिरांना विचारात न घेणं सिनेमातही दिसतं. आरेला लागूनच दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे. तिथल्या पाटीवरून जाताना मला हटकून वाटतं, फाळक्यांचा प्रेक्षक किती भाग्यवान होता! 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा पडद्यावर अभिनय होता आणि मधे मधे अक्षरांच्या पाट्या. वाचता येणारा कर्णबधिर माणूस शेजाऱ्याइतकाच सिनेमा पाहू शकत होता. 14 मार्च 1931 रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, पडदा बोलू लागला म्हणून मुंबईने गर्दी केली, आणि एका समाजाच्या हातून सिनेमा निसटला. त्याची नोंद आपल्या चित्रपट-इतिहासात मला ठळकपणे कुठे दिसत नाही. तो परत मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागली: ‘पठाण’च्या ओटीटी आवृत्तीत संवाद अक्षरांत द्या, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये दिला. चित्रपटगृहांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं मार्च 2024 मध्ये आली. ज्यांनी ‘पठाण’ची याचिका लढवली, त्यांतल्या कुणाचा सत्कार झाल्याचं मी वाचलेलं नाही.

म्हणून आरेतल्यासारख्या सोहळ्याचं अंदाजपत्रक मांडताना हाराफुलांच्या आधी दुभाष्याचं मानधन लिहावं असं मला वाटतं. एकाचं नव्हे, दोघांचं. तासभर सलग हात आणि डोकं चालवणं एकट्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. झोत दुभाष्यावरही असावा. टेबलं गोल असावीत आणि मधोमध उंच फुलदाण्या नकोत, समोरच्याचे हात झाकले जातात. आभाराचं भाषण एखाद्या माजी विद्यार्थ्याने आपल्या भाषेत करावं आणि माइकवरून त्याचा मराठी अनुवाद देणगीदारांनी ऐकावा. दुसऱ्याच्या आवाजातून पोचलेलं बोलणं ऐकताना काय वाटतं, हे एकदा तरी त्यांना कळेल. 2011 च्या जनगणनेत श्रवणदोष असलेली माणसं पन्नास लाख नोंदली गेली. प्रशिक्षित दुभाषी मात्र आजही शेकड्यांत मोजावे लागतात. शाळेच्या इमारतीवर दात्याची कोनशिला बसते, दुभाष्याच्या पगारावर बसत नाही. कदाचित म्हणूनच तिथे पैसा कमी वळत असावा.

त्या रात्री जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा होता. आईवडील दोघेही कर्णबधिर, याला ऐकू येतं. वाढप्याशी तोच बोलत होता, वडिलांना कुठला पदार्थ तिखट आहे ते तोच सांगत होता, फोन वाजला तर तोच घेत होता. बँकेतही तोच जातो म्हणे, आणि आईच्या दवाखान्यातल्या तपासणीतही डॉक्टरांचं बोलणं तोच समजावतो. इतक्या लहान वयात आईच्या पोटातल्या गाठीची बातमी आईला द्यायची ती त्यानेच. पाठीराखा म्हणून त्या हॉलमध्ये त्याच्याएवढं कुणीच झिजलेलं नव्हतं. पण त्याला व्यासपीठावर बोलावून श्रीफळ देऊ नका. त्याच्या आईच्या पुढच्या तपासणीला एक पगारी दुभाषी पाठवा, आणि त्या दिवशी त्याला शाळेत जाऊ द्या.